डिस्चार्ज कार्डावर एवढे लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या वर्षी माझ्या आईचा खुबा मोडला आणि एका मोठ्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या अकरा दिवसांबद्दल, आणि त्या दोषात मीही वाटेकरी आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही लुगडे नेसण्यापासून चुलीवरच्या चहापर्यंत सारे स्वतः करणारी ती बाई कॉटवर पडल्यापासून मी तिला घास भरवत होते, तोंड धुऊन देत होते, वेणी घालत होते. वॉर्डात सगळ्याच नातेवाइकांचे हेच चालले होते आणि जो करत नसे त्याच्याकडे बाकीचे लोक वाईट नजरेने पाहत.

आठव्या दिवशी नव्याने ड्युटीवर आलेल्या सिस्टरने माझ्या हातातली ताटली घेतली, आईला उशीला टेकवून बसवले आणि म्हणाली, "आजी, भाकरी तुम्हीच कुस्करा." आईचा हात थरथरत होता, निम्मे वरण पदरावर सांडले. मला तर रागच आला. सिस्टरने मात्र तिच्या कोपराला खालून नुसता आधार दिला होता. घास आईनेच घेतला. त्या जेवणाला पाऊण तास लागला. मी दहा मिनिटांत उरकले असते, आणि खरी गोम इथेच आहे. रात्री एक सिस्टर आणि चाळीसच्या आसपास रुग्ण, अशा वॉर्डात पाऊण तास कोण काढणार?

आपल्याकडे पुनर्वसन म्हटले की धरण नाहीतर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. परिचर्येतही पुनर्वसन नावाची शाखा आहे हे मला त्या सिस्टरमुळे कळले. रुग्णाचे काम आपण न करता त्याला ते पुन्हा करता यावे एवढीच मदत करायची, हे तिचे सूत्र. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले होते. मग मोडलेल्या खुब्याच्या आजारी म्हातारीचे काय होत असेल?

घरी आल्यावर वेगळाच घोळ. आई वॉकर शिकली ती रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर. आमच्या घराला वीतभर उंचीचा उंबरा, आत सारवलेली जमीन, संडास अंगणापलीकडे आणि तोही उकिडवे बसण्याचा, जे डॉक्टरांनी साफ मना केले होते. मधोमध कापलेली प्लास्टिकची खुर्ची आणि उंबऱ्यापाशी विटांचा उतार करून आम्ही निभावले. पण घर कसे आहे हे कोणी आधी विचारले असते, तर आईचा एक महिना वाचला असता.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष व फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. तिथे किमान एक परिचारिका याच कामासाठी नेमावी, आणि घरी सोडताना रुग्णाला कोणते काम स्वतः जमते, कोणत्या कामाला आधार लागतो, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावे. त्यासाठी नवे काही शोधायला नको. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, चालणे अशा दहा बाबींना मिळून शंभर गुण देणारी बार्थेल मोजपट्टी १९६५ पासून जगभर वापरात आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात हे अधिकच निकडीचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कित्येक घरांत पाच-सहा महिने फक्त म्हातारी माणसे उरतात. ऑक्टोबरात खुबा मोडलेल्या आजीला पाणी तापवून न्हाणीपर्यंत नेणारे घरात कोणी नसते.

आपली एक वाचक,
केज, जि. बीड