गिलाव्याआधी कौलं बघ

आंजर्ले

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात रजा काढून येतोयस आणि मागच्या पडवीच्या भिंतीला स्वतःच्या हाताने सिमेंटचा गिलावा करणार आहेस, हे वाचून बाबा खूश झाले. मी नाही झाले.

ती भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतोही. आजोबांनी म्हणूनच वरून चुना दिला होता. त्यावर सिमेंट थापलंस की आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट राहत नाही, मग पोपडे धरतात. आळीतल्या दोन-तीन घरांत हे बघायला मिळेल. नावं लिहीत नाही.

भिंत ओली का होते ते आधी शोध. माझा संशय कौलांवर आहे. कौल फुटतं एकीकडे आणि थेंब पडतो भलतीकडेच, कारण पाणी वाशाच्या अंगाने उतरत जातं आणि कुठे अडलं की टपकतं. तेव्हा डाग दिसेल तिथून वर, आढ्याच्या दिशेने बघत जायचं. भर दुपारी माळ्यावर जा आणि दिवा बंद कर. फटींतून थोडा उजेड येतोच, पण फुटक्या कौलाचा कवडसा लगेच ओळखू येतो. वानरांनी यंदा फार उच्छाद मांडलाय, त्यामुळे बरेच सापडतील.

दुसरं म्हणजे, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ती बाजू उघडी पडली, तेव्हा मिळतील ती कौलं घाईने चढवली होती. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते, ती एकमेकांत नीट बसत नाहीत. पालथं करून छाप बघ आणि एका छापाची एकत्र लाव. बदलताना वरचं कौल जरासं उचलायचं आणि खालचं ओढून काढायचं. पाय कौलाच्या मध्यावर कधीच द्यायचा नाही. दोन कौलं एकावर एक येतात आणि खाली रीप, म्हणजे वाशांवरची आडवी लाकडी पट्टी असते, तिथेच द्यायचा. शेवाळ असेल तर आधी खरवडून घे.

वाळवी लागलेल्या रिपा बदलाव्या लागतील. नव्यांना काजूच्या टरफलांचं तेल लाव, पण हातमोजे घालून. अंगाला लागलं तर फोड येतात.

बाहेरच्या बाजूला पागोळ्यांनी उडालेली माती साचून जोत्याच्या वर आली आहे. ती उपसून उतार दे आणि चर परसाकडे काढ. कदाचित निम्मी ओल एवढ्यानेच जाईल. एक पावसाळा जाऊ दे, मग गिलाव्याचं बघू, तोही चुन्याचाच. आणि पत्र्याचं नाव काढू नकोस. पावसात त्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

गडी मिळायचे नाहीत, सगळे आंब्याच्या काढणीत असतात. खालून कौलं द्यायला मी आहे. बाबांना शिडीवर चढू द्यायचं नाही, हे तूच त्यांना सांग. माझं ऐकत नाहीत.

येताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आण, साधे खाऱ्या हवेत गंजतात. मृगाच्या आधीही सरी येतात, तेव्हा मेच्या शेवटी नको, पहिल्याच आठवड्यात ये.

तुझी,
आई