भोगवट्याचं दुखणं जोत्यात असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर बांधून होतं, वास्तुशांत होते, माणसं राहायला जातात. पुढे कधीतरी ते विकायचं किंवा त्यावर कर्ज काढायचं ठरलं की बँक भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं असून राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला, मागते आणि धावाधाव सुरू होते. मंजूर नकाशा शोधून टेप लावला, तर घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडायचं बाजूचं अंतर पाऊण फुटानं कमी भरतं. जुळे सोलापूर, शेळगी, कुमठे, बाळे अशा हद्दवाढ भागातल्या घरमालकांकडून हे गाऱ्हाणं वारंवार ऐकू येतं. राग निघतो तो भोगवट्याच्या फाइलीवर. पण ही चूक जोतं, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा भाग, भरलं त्याच दिवशी झालेली असते आणि त्या दिवशी टेप घेऊन तिथे कुणी उभं नसतं. जोते तपासणी, म्हणजे आपण ज्याला प्लिंथ चेकिंग म्हणतो, तिच्याकडे सोलापूरकरांनी आणि महापालिकेनंही गांभीर्यानं पाहावं, यासाठी हे पत्र.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळून सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात लहान भूखंडांना मोठी सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर अभियंता किंवा वास्तुविशारदानं प्रमाणित केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरलं की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आपल्याकडचा नेहमीचा तीस बाय चाळीस फुटांचा भूखंड साधारण १११ चौरस मीटर भरतो, म्हणजे तो पहिल्याच गटात बसतो. सवलत चांगलीच आहे, हेलपाटे वाचतात. पण सगळा भरवसा आता सही करणाऱ्या तांत्रिक माणसावर आहे आणि काम सुरू होण्याआधी कार्यालयातलं कुणी जागा पाहीलच असं नाही. म्हणून जोत्याची तपासणी पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची झाली आहे.

चूक नेमकी कुठे होते? लाइनआऊटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करण्याच्या दिवशी. मिस्त्री सूत धरतो ते शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीपासून, कारण भिंत डोळ्यांसमोर असते आणि हद्दीचा दगड कधीच गडप झालेला असतो. शेजाऱ्यानं ती भिंत आपल्या हद्दीपासून नऊ इंच आत घेतली असेल, तर तिच्यापासून मोजलेलं दीड मीटर प्रत्यक्षात एक मीटर सत्तावीस सेंटिमीटर होतं. बाहेरचा गिलावा आणखी दोन सेंटिमीटर खातो. मंजूर नकाशात दीड मीटर लिहिलेलं असताना जागेवर सव्वा मीटर भरतं आणि भोगवट्याची फाइल तिथेच अडते. यावर उपाय साधा आहे. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्याव्यात, मग त्या खुणांपासून सूत धरावं. तीस बाय चाळीसच्या भूखंडाचे दोन्ही कर्ण बरोबर पन्नास फूट आले पाहिजेत. एक एकोणपन्नास आणि दुसरा एक्कावन्न आला, तर भूखंड तिरका आहे. मग गुण्यात (काटकोनात) बांधलेलं घर कुठल्या तरी एका कोपऱ्यात अंतर खाणारच. ही तपासणी दोन माणसं अर्ध्या तासात करतात. खड्डे खणण्याआधी कॉलमची खूण सहा इंच सरकवायला काहीच खर्च येत नाही. स्लॅब पडल्यावर तेच सहा इंच कुणालाच परत मिळवता येत नाहीत.

जोतं पूर्ण झालं की काम मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचं तांत्रिक माणसाचं प्रमाणपत्र जोडून महापालिकेला तसं कळवायचं असतं. बरेच मालक हे करतच नाहीत. परवानगी मिळाली म्हणजे सगळं मिळालं अशी समजूत असते, गवंड्यांची टोळी रिकामी बसायला नको म्हणून घाई असते आणि तेवढ्यात वीटकाम छातीपर्यंत येतं. जोत्याला कायद्यातही वजन आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष टिकते आणि नूतनीकरण करून आणखी जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवता येते. त्या मुदतीत काम जोत्यापर्यंत आलं नसेल, तर नव्यानं अर्ज करावा लागतो. जोत्याचा कागद फाइलीत असला की काम कधी कुठवर आलं होतं, याचा पुरावा हाताशी राहतो. बँकेचा माणूस कर्जाचा जोत्याचा हप्ता सोडण्यापूर्वी येऊन फोटो काढतो, त्यावर विसंबू नये. तो काम कुठवर आलं एवढंच पाहतो, अंतरं मोजत नाही.

तपासणी फक्त अंतरांची नको. सोलापूरच्या मातीनं इथल्या घरांना जितका त्रास दिला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कशानं दिला असेल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. पक्का मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, तर कुठे दहा फूट खणलं तरी काळीच निघते. एकाच घराच्या दोन फुटिंगपैकी (फुटिंग म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) एक मुरमावर आणि दुसरं काळ्या मातीत टेकलेलं असेल, तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. म्हणून तळाचं काँक्रीट टाकण्याआधी प्रत्येक खड्ड्याचा तळ स्ट्रक्चरल अभियंत्यानं पाहिलाच पाहिजे. खणलेली काळी माती वाहून न्यायचा खर्च वाचावा म्हणून तीच जोत्यात भरणं हा दुसरा घोळ. मग फरशा मधोमध उचलतात, दारं घासू लागतात आणि दोष फरशीवाल्याच्या माथी येतो. भराव मुरमाचाच हवा. सहा ते आठ इंचांचा थर द्यावा, पाणी मारून धुम्मस करावी (ठोकून घट्ट बसवावा), मगच पुढचा थर. जोत्याची तपासणी झाली तर हे दिसतं, फरशी बसल्यावर दिसत नाही.

हौदाचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे दहा-बारा हजार लिटरचा हौद प्रत्येक घराला लागतोच. तो मूळ नकाशात बहुधा नसतो. घर उभं राहिल्यावर बाजूच्या अंतरात फुटिंगला खेटून सहा फूट खोल खणला जातो. खणताना फुटिंगच्या बाजूची माती सुटते. पुढे हौद जरा जरी पाझरला, तरी त्या एकाच बाजूची काळी माती बारमाही ओली राहते आणि घराची ती बाजू उचलते. हौद पहिल्याच नकाशात दाखवावा, जोत्याच्या आधी किंवा जोत्याबरोबरच बांधून घ्यावा आणि त्याचं झाकण जमिनीच्या पातळीला ठेवावं. दोन फूट वर आलेला हौद बाजूची वाट अडवतो. भोगवट्याच्या वेळी त्याचीही अडचण निघते. ड्रेनेज लाइन पोचलेली नाही तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करतात. काळ्या मातीत शोषखड्डा शोषतच नाही, तो मुरमापर्यंत न्यावा लागतो. नाहीतर मैलापाणी मुरत मुरत शेजारच्या हौदाकडे जातं. हौद आणि सेप्टिक टँक भूखंडाच्या दोन टोकांना ठेवावेत, ही साधी गोष्टही नकाशावर आधी ठरवली नाही तर जागेवर जमत नाही.

सळई आणि काँक्रीटबद्दल थोडक्यात. सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतं आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप इथून फार लांब झालेला नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं नव्वद अंशांत न ठेवता एकशे पस्तीस अंशांत आत वळवलेली हवीत. जोत्यावर उभ्या असलेल्या कॉलमकडे नुसतं पाहिलं तरी हे कळतं. सहा ते पंधरा घनमीटर काँक्रीटसाठी दोन नमुने, म्हणजे प्रत्येकी तीन याप्रमाणे ताकद तपासण्याचे सहा क्यूब (ठोकळे) घ्यायचे असतात. लहान घराचा एक स्लॅब याच मापात बसतो. आपल्या उन्हात काँक्रीटवर पाणी निदान दहा दिवस मारायला हवं, मिश्र सिमेंट असेल तर चौदा.

आणखी एका गैरसमजाबद्दल लिहिणं भाग आहे. कर आकारणी झाली, पावती मिळाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं कितीतरी लोक धरून चालतात. तसं नाही. महानगरपालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामावर शास्ती (दंड) लावण्याची तरतूद आहे आणि ती शास्ती भरली म्हणूनही बांधकाम नियमित होत नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी तर पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय ताबा घेऊच नये. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानं असा ताबा देण्यावर बंधन आहे. भोगवटा मिळाल्यावर खालचं पार्किंग विटांनी बंद करून तिथे दुकान थाटणं किंवा यंत्रमाग बसवणं हेही मंजूर नकाशाच्या बाहेरचंच. मागाच्या हादऱ्यांचा आणि सुताच्या साठ्याचा विचार त्या इमारतीच्या आराखड्यात झालेला नसतो आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबं झोपलेली असतात.

महापालिकेकडे मागणं फार मोठं नाही. जोत्याच्या तपासणीसाठी प्रत्येक झोनला आठवड्यातले ठरावीक वार नेमून ते जाहीर करावेत. तपासणीच्या वेळी चारही बाजूंना टेप लावून, आकडा दिसेल असा फोटो फाइलीत घालावा आणि त्याची प्रत मालकाला द्यावी. त्या प्रतीवर अंतरांबरोबर हौद आणि सेप्टिक टँकची जागाही लिहावी. परवानगीचा क्रमांक आणि तारीख असलेला फलक जागेवर लावलेला आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहता येईल. मालकांनी आपल्या अर्जाची तारखेची पोच जपून ठेवावी. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित केलेली सेवा मुदतीत मिळाली नाही, तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यानंतर आयोग अशी वाट आहे. पोच नसेल तर ती वाट पहिल्याच पायरीला बंद होते.

पावसाळा संपला की शहरात नवी कामं जोरात सुरू होतात. तपासणीचे वार त्याआधी जाहीर झाले, तर या हंगामात भरली जाणारी जोती तरी मोजली जातील.

आपला,
एक परवानाधारक अभियंता, सोलापूर