आकडा नको, नावे वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन आणि ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटल डे. या दिवसांत पलटणींचे मेळावे भरतात. बडाखाना (पलटणीचे सामूहिक जेवण) झकास होतो, हुतात्म्यांची मानवंदना मात्र उरकली जाते.

पुष्पचक्र, लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून, दोन मिनिटे मौन, मग मौन संपवणारी राउज ही धून, असा क्रम आहे. बिगुलर नसला की धून मोबाइलवर लावतात आणि बहुतेक वेळा त्याच फाइलीत राउज जोडलेला असतो. मग मौन पंधरा सेकंदांतच मोडते. दोन्ही धुना वेगळ्या ठेवाव्यात आणि मधली वेळ घड्याळावर मोजावी. साध्या कपड्यांत, डोक्यावर टोपी-फेटा नसताना हाताने सॅल्यूट करायचा नसतो, सावधान पुरे. स्वतःची पदके डाव्या छातीवर लावावीत, वीरपत्नीने किंवा मुलाने लावली तर उजव्या.

खरी उणीव नावांची आहे. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी बसवलेल्या शिळांवर किती जण लढायला गेले, किती पडले एवढेच कोरले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचा पडलेल्यांचा आकडा ४६. इराकमधल्या बसरा स्मारकावरही भारतीय अधिकारी नावाने आहेत, शिपाई संख्येने.

नावे शोधता येतात. दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. अडते ते स्पेलिंगपाशी. कारकुनाने इंग्रजीत जसे ऐकले तसे लिहिले, त्यामुळे आडनावाने शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. सैन्याच्या १९२२च्या फेररचनेआधीचा पलटणीचा क्रमांक (११४, ११७ मराठाज वगैरे) टाकून गाव आणि जिल्ह्यावरून चाळावे. गावाचीही दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्मा जवानांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर आहेत.

यादी मिळाली की हुद्दा, नाव, पलटण, गाव अशा क्रमाने मोठ्या टायपात छापून घ्यावी. उच्चार आदल्या दिवशी घरच्यांकडून तपासावेत. घरच्यांसमोर नाव चुकले तर फार लागते. वाचन लास्ट पोस्टच्या आधी घ्यावे, नंतर नाही. एका नावाला पाच सेकंद धरले तरी ४६ नावांना चार मिनिटे लागत नाहीत. तेवढा वेळ पाहुण्यांच्या शाल-श्रीफळातून सहज निघेल.

आपला,
एक माजी सुभेदार, सातारा