मुलांच्या वाचनातील चुकांकडे भाषाविज्ञानाच्या नजरेने पाहावे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत गेली सहा वर्षे मी वाचनात मागे पडलेल्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेते. गेल्या पावसाळ्यात चौथीतली एक मुलगी ‘पर्वती’ हा शब्द ‘पवर्ती’ असा वाचत होती. दारातून रोज दिसणाऱ्या टेकडीचेच ते नाव. शाळेने तिला ‘कच्ची’ ठरवून बाराखडी पुन्हा गिरवायला दिली होती. वास्तविक रफार दिसतो ‘व’च्या डोक्यावर आणि उच्चारला जातो ‘व’च्या आधी, ती बिचारी डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने प्रामाणिकपणे वाचत होती. मी पुस्तक मिटायला सांगितले आणि शब्द टाळ्यांवर म्हणायला लावला: पर्, व, ती. ‘र्’ पहिल्या टाळीतच संपतो, हे तिचे तिनेच ओळखले. त्याच आठवड्यात ‘गर्दी’ आणि ‘सूर्य’ हे शब्द तिने न अडखळता वाचले.

शब्दातले ध्वनी सुटे ऐकू येणे हा वाचनाचा पाया आहे, हे भाषाविज्ञान सांगते. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो; ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे आहेत; ‘किती’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. सर्वांत सलते ते ‘पाणी’चे. ते ‘पानी’ असे वाचणाऱ्या मुलाने शब्द अचूक ओळखलेला असतो, उच्चार तेवढा घरच्या बोलीतला असतो; तरीही ती वाचनाची चूक धरली जाते आणि मूल पुन्हा मोठ्याने वाचायला धजत नाही.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ ची मुदत ठरवली आहे. शिक्षक कष्टाळू आहेत, परंतु मूल नेमके कुठे अडले हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना क्वचितच मिळते. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, बालभारती आणि भाषाविज्ञानाचा विभाग असलेले डेक्कन कॉलेज या तिन्ही संस्था पुण्यातच आहेत. त्यांना एकत्र बसवून मराठीची ध्वनिव्यवस्था व लिपी हा विषय डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेत आणि सेवांतर्गत प्रशिक्षणात प्रात्यक्षिकांसह आणावा, आणि वाचन चाचणीत गुणांसोबत मुलाने शब्द नेमका कसा वाचला याचीही नोंद ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचनशिक्षिका, पुणे