कॉम्पॅक्ट न केलेले फोल्डर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. सात महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, हा अपराध मान्य आहे. प्रकृती ठीक, गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो.

गेला पंधरवडा माझा ईमेलचा प्रोग्रॅम उघडल्यावर काही मिनिटांतच बंद पडत होता. नाना म्हणाले, संगणकच बदल. पण नानांचा हा उपाय प्रत्येक दुखण्यावर असतो. मी सगळी ॲड-ऑन बंद ठेवून सेफ मोडमध्ये पाहिले, हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केले, शेवटी प्रोग्रॅमच काढून पुन्हा बसवला. त्याने काही होणार नव्हतेच, कारण पत्रे, खाती आणि सेटिंग्ज वेगळ्या प्रोफाइल फोल्डरात राहतात आणि नव्याने बसवलेला प्रोग्रॅम मुकाट्याने तेच जुने प्रोफाइल उघडतो. कोरे प्रोफाइल केल्यावर मात्र तो दिवसभर ठणठणीत चालला. म्हणजे रोग माझ्या साठ्यातच होता.

जुन्या प्रोफाइलची आधी प्रत काढली. हे तूच मला ओरडून शिकवले होतेस. मग ऑफलाइन राहून एकेक फोल्डर उघडत गेलो, आणि तुझ्या नावावर क्लिक करताच खिडकी नाहीशी झाली. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. हसू नकोस.

मी हट्टाने पॉप, म्हणजे पत्रे आपल्याच संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत, वापरत राहिलो; पत्रे सर्व्हरवरच ठेवणारे आयमॅप घे म्हणून तू भांडलास. त्यामुळे सर्व्हरवर यातले एकही पत्र शिल्लक नव्हते, जे होते ते माझ्याच डिस्कवर. या प्रोग्रॅममध्ये एका फोल्डरातली सगळी पत्रे एकाच सलग फाइलीत एकाखाली एक लिहिलेली असतात आणि शेजारी त्यांची छोटी इंडेक्स फाइल, म्हणजे पत्रांची यादी, असते. बिघडली होती ती इंडेक्स. प्रोग्रॅम बंद करून तेवढीच फाइल हलवली, पुन्हा उघडल्यावर त्याने ती नव्याने रचली, आणि कोसळणे थांबले.

खरे सांगायचे ते पुढेच आहे. दुरुस्तीआधी ती मोठी फाइल मी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली होती. जोडलेल्या फोटोंच्या जागी नुसती निरर्थक अक्षरांची पानेच्या पाने होती, देवनागरी पत्रांचीही तीच गत. पण तू त्या काळी मराठी रोमन लिपीत लिहीत होतास, ज्यावरूनही आपण भांडलो होतो, आणि म्हणून तुझी पत्रे सरळ वाचता आली. त्यांत ते पत्रही होते, जे मी रागाच्या भरात डिलीट करून ट्रॅशही रिकामा केला होता. पत्र डिलीट केले की मूळ फाइलीत त्यावर केवळ खूण होते. फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे खूण केलेली पत्रे फाइलीतून खरोखर काढून टाकेपर्यंत, मजकूर जागचा हलत नाही. यादीत ते आजही दिसत नाही. मी ते दोनदा वाचले. शेवटच्या ओळीत तू माफी मागितली होतीस. तिथपर्यंत मी त्या वेळी पोचलोच नव्हतो.

जागा वाचवण्यासाठी फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का, असे प्रोग्रॅम अधूनमधून विचारतो. मी दर वेळी नको म्हणतो.

धाकटीच्या निकालाचे काय झाले? नवे घर लाभले ना? वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
तोच हट्टी

ता. क. आयमॅपचे खाते काल उघडले. नानांना सांगू नकोस.