सूचना : पहिल्या नोकरीसाठी प्रकल्प-तपासणी बैठक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पदवीनंतर प्रोग्रामिंगमधील पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता मंडळाच्या सभागृहात बैठक होईल.

१. स्वतः लिहिलेला एक प्रकल्प गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवून आणावा. तो लहान असला तरी चालेल, मात्र दुसऱ्याच्या संगणकावर तो कसा चालवायचा हे सांगणारी रीडमी फाइल त्यात असलीच पाहिजे.

२. कमिटचे (गिटमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचे) संदेश ‘बदल केला’ असे मोघम नसावेत. ‘नाव रिकामे ठेवल्यास प्रोग्राम बंद पडत होता, ते दुरुस्त केले’ असे लिहावे, कारण नोकरीत आपला कोड सहकारी तपासतात आणि बदलामागचे कारण त्यांना तेथूनच समजते.

३. उतरवून घेतलेला कोड तपासला जाणार नाही.

नोकरीत असलेल्या सभासदांनी अवश्य यावे. नवोदितांना तुमची फार गरज आहे. नावे गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे नोंदवावीत.

– चिटणीस