अण्णांच्या उजव्या हाताविषयी

ग्लासगो

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

अण्णांच्या अर्धांगवायूला वर्ष उलटले, आता हातात फरक पडणार नाही, असे गावातील मंडळी म्हणतात आणि म्हणून अण्णांनी व्यायामच सोडला, हे वाचून मन बेचैन झाले. अर्धांगवायूनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते हे खरे. पण पुढे ती थांबतेच, ही समजूत खरी नाही, आणि हे मी निव्वळ धीर देण्यासाठी लिहीत नाही.

इथल्या ग्लासगो विद्यापीठातील जेसी डॉसन यांच्या नेतृत्वाखाली झालेली एक चाचणी २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या अर्धांगवायूला किमान नऊ महिने होऊन गेलेले १०८ रुग्ण तीत होते. त्यांच्या छातीच्या कातडीखाली एक छोटे यंत्र बसवून त्याची तार मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला जोडली होती. रुग्ण हात हलवू लागला की थेरपिस्टने बटण दाबायचे आणि नेमक्या त्या वेळी अर्धा सेकंद सौम्य वीज सोडायची, म्हणजे ती हालचाल मेंदूत पक्की होण्यास मदत होते. उपचारांनंतर तीन महिन्यांनी ४७ टक्के रुग्णांच्या हातात ठळक सुधारणा दिसली. ज्यांना यंत्र बसवले पण उपचाराची वीज दिली नाही, त्यांच्यातही केवळ त्याच व्यायामाने २४ टक्के सुधारले. आपल्या घरासाठी मला हा दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याला महागडे यंत्र लागत नाही.

तेव्हा अण्णांना रोज भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्याव्यात. शेंग डाव्या हाताने धरली तरी चालेल, पण दाब उजव्या अंगठ्याचा आणि तर्जनीचाच हवा. वेळ लागतो म्हणून वहिनींनी मायेपोटी ती त्यांच्या हातून घेऊ नये. त्यांना उठवताना मात्र त्या हाताला धरून कुणीही ओढू नये, खांद्याला इजा होते.

चिरंजीवांनी नांदेडहून मेंदूसारखे काम करणाऱ्या संगणकाच्या चिपविषयी विचारले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली रेणूंच्या एका पातळ थरात १६,५०० वेगवेगळ्या अवस्था साठवून दाखवल्या; नेहमीच्या चिपमध्ये ० आणि १ अशा दोनच असतात. माहिती जिथे राहते तिथेच गणितही होत असल्याने वीज फार कमी लागते. अण्णांना आज त्याचा उपयोग नाही, पण अशा चिपांमुळे अंगात बसवायची यंत्रे पुढे हुशार होतील, अशी मला आशा आहे.

आता मिठाचे. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या मिठात नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड हा क्षार होता, त्यांच्यात अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. यातील बहुतेकांना पूर्वी एकदा झटका येऊन गेलेला होता, म्हणजे अण्णांसारखेच. तरीही ते मीठ दुकानातून आणण्याची घाई करू नये. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारेपर्यंत लोणचे, पापड आणि ठेचा त्यांच्या ताटात कमी वाढावा.

लातूरला जाल तेव्हा क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) व पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्यावी, गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत आणि रिपोर्टचे फोटो मलाही पाठवावेत.

आपला धाकटा भाऊ